ड्यूक एलिंग्टनचा 'द फार ईस्ट स्वीट': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ख्याल, ठुमरी, जुनी हिंदी गाणी मन लावून ऐकणारे पण जॅझच्या वाटेला कधी न गेलेले जे कोणी भेटतात, त्यांच्या गळ्यात मी हा अल्बम मारतो. आठवड्याभरात प्रश्न सुरू होतात, आणि ते बहुतेक ठरलेलेच असतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून काढली आहेत.

हा अल्बम नेमका आहे तरी काय?

अमेरिकी जॅझ पियानिस्ट आणि रचनाकार ड्यूक एलिंग्टन आणि त्याच्या ऑर्केस्ट्राने 19 ते 21 डिसेंबर 1966 या तीन दिवसांत न्यू यॉर्कला आरसीए व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीसाठी ध्वनिमुद्रित केलेल्या नऊ रचना. 'स्वीट' म्हणजे एका सूत्रात ओवलेल्या रचनांचा संच. अल्बम 1967 मध्ये आला. एकूण साधारण 44 मिनिटांचा ऐवज. पहिल्या आठ रचनांवर एलिंग्टन आणि बिली स्ट्रेहॉर्न अशी दोघांची नावं आहेत, शेवटची एकट्या एलिंग्टनच्या नावावर. आठ रचनांमागे 1963 चा पश्चिम आणि दक्षिण आशियाचा दौरा आहे, नवव्या रचनेमागे 1964 ची जपानवारी. मोठ्या वाद्यवृंदाच्या जॅझवादनासाठीचा ग्रॅमी पुरस्कार 1968 मध्ये या अल्बमला मिळाला.

बिग बँड म्हणजे किती माणसं? आणि वाजवतं कोण?

या अल्बमवर पंधरा. चार ट्रम्पेट, तीन ट्रॉम्बोन, पाच सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेटवाले, शिवाय पियानो, बास आणि ड्रम्स. पियानोवर खुद्द एलिंग्टन. पंधरा म्हटल्यावर आपल्याला वाटतं की सगळे मिळून एक मोठा आवाज काढत असतील. एलिंग्टनकडे उलट आहे. तो स्वरलिपीच्या कागदावर 'पहिला ट्रम्पेट', 'दुसरा ट्रम्पेट' असं लिहिण्याऐवजी वादकाचं नावच लिहायचा. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात त्याची हस्तलिखितं आहेत, त्यांत हे दिसतं.

त्यामुळे माणसं ओळखीची करून घ्या. हॅरी कार्नी, बॅरिटोन सॅक्सोफोन: 1927 पासून बँडमध्ये, म्हणजे या ध्वनिमुद्रणाच्या वेळी एकोणचाळीस वर्षं. जॉनी हॉजेस, आल्टो सॅक्सोफोन: 1928 मध्ये आला, मध्ये चार वर्षं रुसून स्वतःचा बँड काढला, परत आला. लॉरेन्स ब्राउन, ट्रॉम्बोन. पॉल गोन्सालव्हिस, टेनर सॅक्सोफोन. जिमी हॅमिल्टन, क्लॅरिनेट. कॅट अँडरसन, ट्रम्पेटवर जिथे माणसाने जाऊ नये तितक्या वरच्या स्वरांत जाणारा. ही सहा नावं पाठ झाली की अल्बम निम्मा कळला.

एलिंग्टनचं वय तेव्हा काय होतं? हा उतारवयातला अल्बम ना?

67. जन्म 29 एप्रिल 1899, वॉशिंग्टन. न्यू यॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीतल्या कॉटन क्लब या नाइटक्लबात त्याचा बँड 1927 मध्ये लागला, त्याला चार दशकं होत आली होती. मधल्या काळात बिग बँडचा जमाना आला आणि गेलाही. दुसऱ्या महायुद्धानंतर एवढ्या माणसांचा पगार, गाडीभाडं आणि हॉटेल परवडेना. काउंट बेसीसारख्या नामांकित बँडप्रमुखालाही 1950 मध्ये काही काळ मोठा बँड मोडून छोट्या चमूवर भागवावं लागलं. एलिंग्टनने बँड कधीच मोडला नाही. जुन्या लोकप्रिय गाण्यांची रॉयल्टी यायची, ती तो बँडच्या खर्चात घालायचा. सकाळी लिहिलेलं रात्री ऐकायला मिळावं, यासाठी पंधरा माणसं कायम पदरी बाळगणं हा त्याचा षौक म्हणा, गरज म्हणा.

1956 च्या जुलैत अमेरिकेतल्या न्यूपोर्ट जॅझ महोत्सवात गोन्सालव्हिसने एका जुन्या रचनेत सलग सत्तावीस आवर्तनं वाजवली, लोक खुर्च्या सोडून नाचायला लागले, आणि संपला म्हणून समजला गेलेला एलिंग्टन दीड महिन्यात 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर होता. 1965 मध्ये पुलित्झरच्या संगीत परीक्षकांनी त्याला विशेष सन्मान द्यावा अशी शिफारस केली आणि वरच्या मंडळाने ती फेटाळली. मी फार तरुणपणी फार प्रसिद्ध होऊ नये अशी नियतीची इच्छा दिसते, असं काहीसं तो सहासष्टाव्या वर्षी म्हणाला. पुढच्याच वर्षी हे ध्वनिमुद्रण झालं. 'उतारवयातला अल्बम' म्हणताना आवाजात जी सवलत असते, ती इथे देऊ नका. लागणार नाही.

1963 च्या दौऱ्यावर त्यांना कोणी पाठवलं होतं?

अमेरिकी परराष्ट्र खात्याने. शीतयुद्धाचे दिवस. सोव्हिएत रशिया बॅले पाठवत होता, अमेरिका जॅझ. 1956 मध्ये ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी अशा सरकारी दौऱ्यावर निघाला, 1958 मध्ये पियानिस्ट डेव्ह ब्रूबेक भारतातही येऊन गेला, आणि 1963 च्या सप्टेंबरात एलिंग्टनचा बँड दमास्कसला उतरला. पुढे अम्मान, काबूल, दिल्ली, हैदराबाद, मद्रास, मुंबई, कलकत्ता, कोलंबो, ढाका, लाहोर, कराची, तेहरान, इस्फहान, बगदाद, बैरूत, अंकारा. सगळी यादी दिलेली नाही, पण पल्ला लक्षात यावा.

हे वर्ष डोळ्यांसमोर आणा. ऑगस्टच्या अखेरीस वॉशिंग्टनला मार्टिन ल्यूथर किंगचा मोर्चा. बँड दौऱ्यावर असतानाच, 15 सप्टेंबरला, अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये चर्चमध्ये बाँबस्फोट घडवून चार कृष्णवर्णीय मुलींचा जीव घेतला गेला. ज्या देशात यांच्याच भाईबंदांना मताचा हक्क नीट मिळत नव्हता, त्या देशाचे सांस्कृतिक दूत म्हणून हे कृष्णवर्णीय वादक गावोगाव फिरत होते, आणि पत्रकार परिषदांत त्यांना वर्णभेदावरचे प्रश्न हमखास विचारले जात होते. एलिंग्टन असे प्रश्न फार शिताफीने हाताळायचा. तो सरकारची वकिली करत नव्हता आणि परक्या मुलखात घराचे धिंडवडेही काढत नव्हता.

दौऱ्याचं विघ्न दिल्लीतच सुरू झालं. एलिंग्टन आजारी पडून इस्पितळात दाखल झाला, आणि त्याच्याशिवाय कार्यक्रम करायची वेळ बँडवर आली. पियानोवर बिली स्ट्रेहॉर्न बसला. नोव्हेंबरात बगदादला असताना तिथल्या सत्ताधारी बाथ पक्षातली भांडणं विकोपाला जाऊन राष्ट्राध्यक्षांच्या राजवाड्यावर विमानांनी हल्ला केला. आणि 22 नोव्हेंबरला बँड अंकारात असताना केनेडींची हत्या झाल्याची बातमी आली. पुढचे सगळे कार्यक्रम रद्द. मंडळी घरी परतली.

म्हणजे एलिंग्टन मुंबईत वाजवून गेला होता?

हो, या दौऱ्यात. मुंबईला तेव्हा जॅझ काही नवा नव्हता. लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय वादकांचा बँड 1935 मध्येच ताजमहाल हॉटेलात वाजवून गेला होता. त्यामागून पियानिस्ट टेडी वेदरफर्ड आला, आणि 1939 पासून मिकी कोरिया यांच्या बँडने ताजमध्ये दोन दशकं काढली. याच वर्तुळातले गोव्याचे वादक दिवसा सिनेमाच्या ध्वनिमुद्रणाला बसत. सी. रामचंद्रांच्या 1951 च्या 'अलबेला'तली पितळी वाद्यं आठवा. त्यांच्यामागे चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनियो शावियेर वाझ, हा माणूस होता. तेव्हा 'आमच्या कानांना बिग बँडची सवय नाही' असं मराठी माणसाने तरी म्हणू नये. सवय आहे. नाव ठाऊक नव्हतं एवढंच.

एक निराशा मात्र आधीच सांगून टाकतो. अल्बममध्ये दिल्लीच्या नावाने रचना आहे, आग्र्याच्या नावाने आहे, मुंबईच्या नावाने नाही.

दिल्ली, बैरूत, इराण यांना 'फार ईस्ट' का म्हटलंय?

चुकीचंच आहे. नऊपैकी फक्त जपानची रचना त्या नावाला जागते. त्या काळच्या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीला भूगोलापेक्षा मुखपृष्ठ महत्त्वाचं वाटलं असावं. नावावर अडून बसू नका.

यात आपले राग आहेत का? सतार, तबला?

नाहीत. एकही नाही. आणि मला वाटतं, हाच या अल्बमचा सर्वांत शहाणपणाचा निर्णय आहे.

साल पाहा: 1966. रॉक बँडपासून हॉलिवूडपर्यंत सगळ्यांच्या हातात त्या सुमारास सतार आली होती. एलिंग्टनचा बँड अडीच महिने या प्रदेशात राहून आलेला. चार सतारी आणि एक तंबोरा मिसळून झटपट काहीतरी विकणं त्याला सहज जमलं असतं. त्याने नंतर आपली भूमिका लिहून ठेवली आहे. तिचा मथितार्थ असा: तिथला ताल किंवा तिथली स्वरपंक्ती मला उचलायची नव्हती, पाहिलं-ऐकलं ते आत मुरू द्यायचं, मग आपोआप जे बाहेर येईल ते आपलं. घाई त्याने खरोखर केली नाही. परतल्यावर 1964 च्या सुरुवातीला युरोपात यातल्या चारच रचना वाजवल्या गेल्या, आणि पूर्ण संच तीन वर्षांनी ध्वनिमुद्रित झाला. तोवर दौऱ्यावरचा ड्रमर आणि बासवालाही बदलले होते. सॅम वुडयार्डच्या जागी रूफस जोन्स, एर्नी शेपर्डच्या जागी जॉन लॅम्ब.

तुलनेला त्याच्याच बँडचं 'कॅराव्हॅन' घ्या. ते 1936 चं, बँडमधला ट्रॉम्बोनवादक हुआन तिसोल याच्या चालीवरचं. वाळवंट, उंट, गूढ पूर्व असा सगळा माल त्यात आहे, आणि तो अमेरिकेत बसून कल्पनेने भरलेला आहे. गाणं अफलातून आहे, पण ते देखावा रंगवतं. 'फार ईस्ट स्वीट'मध्ये देखावा जवळजवळ नाही. पहिल्याच रचनेचं नाव 'टूरिस्ट पॉइंट ऑफ व्ह्यू'. आम्ही इथले नाही, बाहेरून बघतोय, हे तो माणूस दारातच सांगून टाकतो. बास आणि ड्रम्सची अस्वस्थ धाव, तिच्यावर पितळी वाद्यांचे आंबट स्वरगुच्छ, मधून वाट काढणारा गोन्सालव्हिसचा टेनर, आणि वर कॅट अँडरसन. विमानतळाबाहेर पहिल्यांदा पाऊल टाकल्यावर रिक्षावाले, उन्हाची तिरीप आणि परकी भाषा एकदम अंगावर येते ना, तसं हे पाच मिनिटांचं काम आहे.

मग दिल्ली आणि आग्रा ऐकू येतात ते कुठे?

वादकांत.

'ब्लूबर्ड ऑफ डेल्ही' घ्या. कंसात उपशीर्षक 'मैना'. स्ट्रेहॉर्नच्या दिल्लीतल्या मुक्कामी एक मैना होती आणि ती एकच छोटी स्वरावली पुन्हा पुन्हा म्हणायची, ही त्यामागची हकिकत. ती स्वरावली जिमी हॅमिल्टनच्या क्लॅरिनेटला दिली आहे. आता नीट ऐका: खाली बँड आपल्या चालीने डुलत चाललाय, रचना पुढे सरकतेय, स्वरांची जागा बदलतेय. पक्षी मात्र हटवादीपणे तेच म्हणतोय. कधी ते खालच्या स्वरांशी जुळतं, कधी त्यांना टोचतं. हॅमिल्टनचा सूर अगदी स्वच्छ, जवळजवळ शास्त्रीय युरोपीय वळणाचा, आणि या पक्ष्याला तसाच हवा होता. रचनेच्या अगदी शेवटी क्लॅरिनेट खालच्या पट्टीत एक अपमानकारक आवाज काढतो. निरोप घेताना मैनेने दिलेली ती शेलकी भेट, असं एलिंग्टन सांगायचा. (मैना निळी नसते हे मलाही माहीत आहे. पत्र मला लिहू नका.)

'आग्रा' अडीच मिनिटांची आहे आणि जवळपास सगळी हॅरी कार्नीची. ताजमहालावर लिहायचं म्हटल्यावर दहापैकी नऊ जणांनी बासरी किंवा व्हायोलिन काढलं असतं. यांनी बॅरिटोन सॅक्सोफोन काढला. जाड, घोगरा, जमिनीलगतचा आवाज. संगमरवराचा नाजूकपणा सगळ्यांना दिसतो. दगडाचं वजन कार्नी वाजवतो. जवळजवळ चाळीस वर्षं ज्या आवाजावर सगळा बँड उभा होता, त्याच आवाजाला ही थडग्याची इमारत दिली, यात मला रचनाकाराची खरी नजर दिसते. ताज पाहून आग्रा सुचलं असेल. पण कार्नी हाताशी नसता तर ही रचना झाली नसती, यावर मी पैज लावायला तयार आहे.

हे एकदा कानात बसलं की बाकीचा अल्बमही याच रीतीने उलगडतो. 'अमाद'मध्ये लॉरेन्स ब्राउनचा ट्रॉम्बोन अजानची आठवण देणारी पुकार घेतो. 'माउंट हारिसा'त, बैरूतजवळच्या, मरियमेच्या पुतळ्याच्या त्या डोंगरावर, आधी एलिंग्टनचा पियानो एकटा चढतो आणि मग गोन्सालव्हिस येऊन लांब श्वासाचं, काहीसं झोपाळू, काहीसं उत्कट असं वादन करतो. गावांची नावं पाटीवर आहेत, पण ऐकायला येतात ती माणसं.

'डेप्क' म्हणजे आपला दीपक राग का?

नाही, मोह होतो हे खरं. एलिंग्टनने ती रचना जॉर्डनमध्ये पाहिलेल्या एका समूहनृत्याशी जोडली आहे. त्या भागातल्या 'दब्के' नावाच्या नाचाचाच हा बिघडलेला उच्चार असावा. रागाचा काही संबंध नाही. पावणेतीन मिनिटांत नाचून मोकळी होते.

'इस्फहान'चं एवढं कौतुक का?

आधी एक गुपित, जे आता गुपित राहिलेलं नाही. ही रचना इस्फहानवर लिहिलेलीच नाही. स्ट्रेहॉर्नने ती दौऱ्याच्या आधी लिहिली होती आणि तिचं नाव होतं 'एल्फ'. इराणचं ते देखणं शहर पाहून आल्यावर नाव बदललं.

यावर लोक खट्टू होतात. फसवल्यासारखं वाटतं. मला तसं वाटत नाही. उलट वरचं सगळं उत्तर यात आहे: सूर आधीपासून त्यांच्याकडे होता, शहराने त्याला पत्ता दिला.

आता ऐकणं. चार मिनिटं. संथ लय. जॉनी हॉजेसचा आल्टो पहिल्या स्वरापासून पुढे. हॉजेस स्वरावरून स्वरावर पायरीने जात नाही, घसरत जातो. आपण ज्याला मींड म्हणतो ती त्याच्या गळ्यात, म्हणजे वाद्यात, जन्मजात होती. सॅक्सोफोनला चाव्या असतात. चावी दाबली की स्वर बदलतो, मधलं काही नसतं. हॉजेस ओठांच्या दाबाने मधलं काढतो. चालीतला वरचा स्वर तो थेट कधीच गाठत नाही. थोडा खालून निघतो, रेंगाळतो, आणि पोहोचता पोहोचता सोडून देतो. मागे बँड मऊ गालिचासारखा पसरलेला न राहता मध्येच पितळी वाद्यांचे छोटे, कडक फटके देतो, म्हणून गोडपणा पाघळत नाही. आणि मग ती जागा: सगळा बँड थांबतो आणि हॉजेस एकटा उरतो. दोन मात्रांची चैन नव्हे, चांगली मोकळी जागा. तिथे तो किती कमी वाजवतो ते बघा.

ज्यांना किशोरीताईंची किंवा भीमसेनजींची एखादी अवघड जागा पुन्हा पुन्हा लावून ऐकायची सवय आहे, त्यांनी इथे तेच करावं. सॅक्सोफोनवादक जो हेंडरसनने 1992 मध्ये स्ट्रेहॉर्नच्या रचनांचा जो अल्बम केला, त्यातही 'इस्फहान' आहे, फक्त बासच्या साथीने. दोन्ही लागोपाठ ऐकलं की रचनेचा सांगाडा वेगळा आणि हॉजेसचं मांस वेगळं दिसतं.

हा बिली स्ट्रेहॉर्न कोण? नाव तर एलिंग्टनचंच मोठं दिसतं.

हाच तर प्रश्न. जन्म 1915, वाढला पिट्सबर्गमध्ये. 1938 च्या डिसेंबरात, तेवीस वर्षांचा असताना, तो एलिंग्टनला मंचामागे भेटला आणि पियानोवर एलिंग्टनचीच गाणी आधी त्याच्या ढंगाने आणि मग स्वतःच्या ढंगाने वाजवून दाखवली. 1939 पासून तो बँडशी जोडला गेला तो मरेपर्यंत. 1941 मध्ये रेडिओ कंपन्या आणि गीतकारांची संस्था यांचं बिनसलं, एलिंग्टनच्या स्वतःच्या रचना रेडिओवर चालेनात, तेव्हा स्ट्रेहॉर्नचं 'टेक द ए ट्रेन' पुढे आलं. तेच पुढे बँडचं ओळखगीत झालं. जग आजही ते एलिंग्टनचं समजतं.

तो समलिंगी होता आणि त्या काळात ते लपवून जगत नव्हता. प्रकाशझोतापासून दूर राहण्यात त्याची काही अंशी सोय होती आणि काही अंशी कोंडी. कुठल्या रचनेत कोणाचा किती वाटा, हे संशोधक हस्तलिखितांतल्या अक्षरांवरून आजही ठरवत बसतात. दोघांच्या हातात इतकं साम्य आलं होतं की ऐकून सांगणं कठीण. तरी ढोबळ मानाने मला असं वाटतं: जिथे सूर एखाद्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवून थांबतो तिथे स्ट्रेहॉर्न, आणि जिथे दोन विजोड आवाज शेजारी बसवून गंमत बघितली जाते तिथे एलिंग्टन. वेगवेगळ्या गटांतली वाद्यं अशी आडवीतिडवी जुळवण्याच्या या रीतीला 'एलिंग्टन इफेक्ट' हे नाव स्ट्रेहॉर्ननेच दिलं होतं.

1964 मध्ये त्याला अन्ननलिकेचा कर्करोग असल्याचं कळलं. हे ध्वनिमुद्रण त्या आजारातच झालं. 31 मे 1967 रोजी तो गेला, वय 51. दोघांनी मिळून केलेलं हे शेवटचं मोठं काम.

यात लिहिलेलं किती आणि उत्स्फूर्त किती?

आपल्याकडची बंदिश आणि उपज यांचं प्रमाण डोक्यात ठेवून बसाल तर गोंधळाल. इथे मागचा जवळजवळ सगळा वाद्यमेळ लिहिलेला आहे. पुढचा एकल वादक किती मोकळा, हे रचनेगणिक बदलतं. 'इस्फहान'मध्ये चाल ठरलेली आणि हॉजेसची मुभा आहे ती उच्चारात. 'माउंट हारिसा'त गोन्सालव्हिस खरोखर बढत करतो. 'ब्लू पेपर'मध्ये ड्रम्स रॉकच्या ठेक्यावर आहेत, वर हॉजेस ब्लूज वाजवतो आणि कॅट अँडरसन किंचाळतो. तीन मिनिटांची थट्टा आहे ती. तरुण पिढीला 'आम्हालाही येतं हो' असं सांगणारी.

पॉल गोन्सालव्हिस गोव्याचा होता का?

हा प्रश्न पणजीपासून वांद्र्यापर्यंत सगळीकडून येतो. नाही. त्याचे आईवडील केप व्हर्डे बेटांवरून अमेरिकेत आलेल्या समाजातले, जन्म 1920, मॅसॅच्युसेट्समधला. आडनाव पोर्तुगीज राज्यामुळे आलं. त्याच राज्यामुळे ते गोव्यातही आलं. नातं असलंच तर इतकंच. हिंदी सिनेमाला व्हायोलिनवादक आणि संयोजक अँथनी गोन्साल्विस दिले ते मात्र अस्सल गोव्याचे, माजोर्ड्याचे.

शेवटची जपानी रचना फार लांब वाटते. माझंच चुकतंय का?

नाही. 'ॲड लिब ऑन निप्पॉन' साडेअकरा मिनिटांची आहे, चार तुकड्यांची, आणि बाकीच्या आठांत नीट मिसळत नाही. ती वेगळ्या दौऱ्यातून आली आणि तशीच वेगळी राहिली. तरी दोन कारणांसाठी ती सोडू नका. एक, एलिंग्टनचा पियानो. तो पियानिस्ट म्हणून किती आडदांड, किती आधुनिक होता, हे बँडच्या गर्दीत विसरायला होतं. इथे तो बास सोबत घेऊन एकटा बराच वेळ बसतो, आणि मधल्या रिकाम्या जागा भरायची घाई करत नाही. दोन, शेवटच्या भागातला हॅमिल्टनचा क्लॅरिनेट. पहिल्या खेपेला मात्र आठव्या रचनेवर थांबलात तरी चालेल.

परक्या संस्कृतीकडे पर्यटकासारखं बघणं ठीक आहे का? आजच्या चष्म्यातून?

हरकत रास्त आहे. सरकारी पाहुणे म्हणून आलेले, मोठ्या हॉटेलांत उतरलेले, निवडक माणसांना भेटलेले लोक. काबूल ते कलकत्ता यांना एका पिशवीत घालून 'पूर्व' असा शिक्का. पण ज्याने स्वतः कॉटन क्लबात गोऱ्या गिऱ्हाइकांसाठी 'जंगली' संगीत म्हणून विकला गेलेला बँड चालवला होता, त्याला बघणाऱ्याची नजर काय करते हे आपल्याहून जास्त ठाऊक असणार. म्हणूनच मला पहिल्या रचनेचं ते नाव प्रामाणिक वाटतं. अमेरिकेतल्या आशियाई वंशाच्या वादकांनी याला संगीतातूनही उत्तर दिलं आहे. अँथनी ब्राउनच्या एशियन अमेरिकन ऑर्केस्ट्राने 1999 मध्ये हाच संच आशियाई वाद्यं घालून नव्याने ध्वनिमुद्रित केला. दोन्ही ऐका आणि भांडण तुमचं तुम्ही सोडवा.

ऐकायचं कशावर आणि कुठल्या क्रमाने?

मोबाइलच्या स्पीकरवर नको. तिथे कार्नीच नाहीसा होतो, आणि कार्नी गेला की आग्रा गेलं. साधा बरा हेडफोन पुरे. नंतरच्या सीडी आवृत्त्यांत काही रचनांचे जादा टेक, म्हणजे त्याच रचनेची दुसऱ्या खेपेची ध्वनिमुद्रणं, आहेत. आधी मूळ नऊच ऐका, टेकची तुलना हा सवय लागल्यानंतरचा उद्योग. क्रम माझा: 'इस्फहान', 'ब्लूबर्ड ऑफ डेल्ही', 'आग्रा', मग दुसऱ्या दिवशी सुरुवातीपासून सलग. गाडी चालवताना 'टूरिस्ट पॉइंट ऑफ व्ह्यू' लावू नका, हात नकळत भराभर चालायला लागतात.

आवडला. पुढे काय?

त्यानंतरचा अल्बम, 'अँड हिज मदर कॉल्ड हिम बिल'. 1967 च्या उत्तरार्धात, स्ट्रेहॉर्न गेल्यावर, फक्त त्याच्या रचनांचा. त्यातली 'ब्लड काउंट' ही त्याची शेवटची रचना, आजारपणात लिहिलेली. ती हॉजेसने ज्या संतापाने वाजवली आहे, तो 'इस्फहान'चाच हॉजेस आहे यावर विश्वास बसत नाही. मग मागे जाऊन शेक्सपिअरवरचा 'सच स्वीट थंडर', 1957 चा.

आणि नाही आवडला तर?

तर न्यूपोर्टचं ते 1956 चं ध्वनिमुद्रण लावा, पण 1999 साली आलेली पूर्ण आवृत्तीच घ्या. मूळ एलपीतला बराच भाग प्रत्यक्ष मैफलीतला नव्हता, नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून त्यावर टाळ्या चिकटवल्या होत्या. गोन्सालव्हिसची ती सत्तावीस आवर्तनं खरीच. तीही नाही आवडली, तर तुम्हाला बिग बँड नको आहे. एलिंग्टनचं एकट्याचं पियानोवादन ऐकून बघा.